पटेल म्हणजे आपलेच पाटील का? आणि हे नाव जगभर गेलं कसं? (जरा लांबलंय उत्तर)

भुसावळच्या ताईंनी विचारलंय की आम्ही लेवा पाटील, मुलगा न्यू जर्सीत एडिसनला आहे, त्याचा शेजारी पटेल आहे आणि तो सारखा म्हणतो "तुम्ही पाटील आम्ही पटेल, एकच की आपण". तर हे खरं मानायचं का? आणि मुळात हे पटेल जिथे जावं तिथे भेटतात, ते सगळे एकाच घराण्यातले का?

आधी मी कोण ते सांगतो. मी पुण्यात मोडी वाचून देण्याची आणि वंशावळी लावून देण्याची कामं करतो, वीसेक वर्षं झाली. आता मोडीवाल्याचा आणि गुजराती पटेलांचा काय संबंध, तर संबंध बडोद्याच्या गायकवाडांचा. चरोतर म्हणजे आणंद-नडियादचा जो सुपीक पट्टा, त्यातली पेटलाद, सोजित्रा, भादरण, धर्मज ही गावं बडोदा संस्थानात होती आणि संस्थानाच्या जुन्या कारभाराचे कागद मराठीत, मोडीत. त्यामुळे लंडनहून एखादा पटेल आजोबांच्या ट्रंकेतला कागद घेऊन बसतो, त्याला अक्षर लागत नाही, गुजरातेत कुणाला लागत नाही, मग तो फिरत फिरत माझ्यासारख्याकडे येतो. असं करत करत पटेलांच्या भानगडी बऱ्याच कळल्या.

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत. शब्द एक आहे का, आणि रक्त एक आहे का. पहिल्याचं उत्तर सरळ "हो" आहे. दुसऱ्याचं उत्तर आडनावावरून देताच येत नाही, त्याला गाव लागतं. बाकी सगळं ह्याच दोन वाक्यांचं स्पष्टीकरण आहे, घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

शब्दाचं बघू. संस्कृत ताम्रपटांत "पट्टकिल" असा शब्द येतो. माळव्याच्या परमार राजांची दहाव्या-अकराव्या शतकातली दानपत्रं आहेत, त्यात राजा गाव दान देताना तिथल्या ब्राह्मणांना, पट्टकिलाला, रयतेला उद्देशून सांगतो की हे गाव मी अमक्याला दिलं. म्हणजे हा गावचा पुढारी, जमीन-साऱ्याचा माणूस. त्याचंच प्राकृतात घासून घासून गुजरातीत पटेल झालं, आपल्याकडे पाटील झालं. जुन्या मराठी कागदांत "पाटेल" असंही लिहिलेलं सापडतं, म्हणजे मधला टप्पा आपल्याकडेही होता. माळव्यात तर गावच्या मुख्याला पटेलच म्हणायचे आणि निजामाच्या मुलखात माली पटेल, पोलीस पटेल असे हुद्देच होते, मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा. म्हणजे हे मुळात आडनाव नाहीच, ती पोस्ट आहे. कलेक्टर हे आडनाव असतं आणि देशभरातल्या सगळ्या कलेक्टरांची नातवंडं "कलेक्टर" लावत फिरली असती तर कसं, तसं आहे हे.

आता ज्याच्या त्याच्या गावात ज्याने त्याने ही पोस्ट भोगली त्याने नाव लावलं, म्हणून जातीही वेगवेगळ्या. लोक पटेल म्हटलं की पाटीदारच धरतात. पण भरूचकडच्या सुन्नी व्होरा मुसलमानांत पटेल ढिगाने आहेत. अहमद पटेल अंकलेश्वरजवळच्या पिरामणचे, क्रिकेटवाला मुनाफ पटेल भरूच जिल्ह्यातल्या इखरचा. दक्षिण गुजरातेत कोळी पटेल आहेत, धोडिया आदिवासींतही पटेल आहेत. पारशांत आहेत, आणि त्यांची गोष्ट तर आपल्या मुंबईतली. सतराव्या शतकाच्या शेवटी जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर हल्ला केला, तेव्हा रुस्तम दोराब नावाच्या पारशाने कोळ्यांना गोळा करून तो परतवला आणि कंपनीने त्याला कोळ्यांचं पटेलपण दिलं, ते मग घराण्याचं नावच झालं. इकडे उत्तर प्रदेश-बिहारात कुर्मी लोक पटेल लावतात, त्यात सरदार वल्लभभाई पटेलांबद्दलचा अभिमान हे मोठं कारण. तर सांगा, ह्यातल्या कुणाचं कुणाशी रक्ताचं नातं आहे?

मग पाटीदार कोण? तर मूळचे कणबी. आपला कुणबी तोच हा शब्द. शेतकरी लोक. त्यात लेउवा आणि कडवा हे दोन मोठे भाग, कडव्यांची कुळदेवी उंझ्याची उमिया माता, लेउव्यांत खोडियार मातेला फार मानतात. आणि "पाटीदार" म्हणजे पाटी धारण करणारा, पाटी म्हणजे जमिनीतला हिस्सा.

इथे मला थोडं थांबायचंय कारण सगळी गंमत इथे आहे. आपल्याकडे एका गावात पाटीलकीचं वतन एका घराण्याचं, फार तर भाऊबंदकीत वाटून दोन-तीन तक्षिमा, म्हणजे हिस्से. बाकीचे गावातले कुणबी-मराठे शिंदे, जाधव, काळे, जे काय असेल ते. आणि वतनदारसुद्धा मूळ नाव सोडत नाही, विखे पाटील, मोहिते पाटील असं जोडून लावतो. चरोतरात वेगळी पद्धत होती, नरवा म्हणायचे तिला. गावाचा सारा एकरकमी ठरायचा आणि तो भरायची जबाबदारी हिस्सेदार कुळांनी मिळून घ्यायची, गावाचे भाग, भागाच्या पाट्या, ज्याची जेवढी पाटी त्याचा तेवढा भार आणि तेवढा मान. म्हणजे गावात पटेल एकच नाही, सगळे हिस्सेदारच पटेल! पुढे मग ज्याच्याकडे हिस्सा नव्हता तोही कणबी म्हणवून घ्यायला नको म्हणू लागला कारण पाटीदार-पटेल म्हणवण्यात इज्जत, लग्नं त्यावर ठरायची. १९३१ च्या जनगणनेपर्यंत सरकारी कागदातही कणबी जाऊन पाटीदार आलं. एका हुद्द्याचं नाव अख्ख्या जातीने पांघरलं असं म्हणा. म्हणून संख्या एवढी, कुणा एका पूर्वजाला हजार मुलं झाली म्हणून नव्हे.

त्यातही प्रदेश बदलला की हिशोब बदलतो. सौराष्ट्रातले लेउवा-कडवा पटेलच, पण ते कागदावर सवाणी, ढोलकिया, वघासिया, राडदिया अशी कुळाची नावं लावतात, सुरतेतल्या हिऱ्यावाल्यांची नावं वाचा म्हणजे कळेल. उलट चरोतरात पाटीदाराचं आडनाव अमीन किंवा देसाईही असू शकतं, ज्यांच्याकडे वसुलीचे वरचे हुद्दे होते ते. (जाता जाता, हा अमीन आणि युगांडाचा इदी अमीन, दोन्ही मूळ अरबी "अमीन" म्हणजे विश्वासू. ज्या माणसाने हजारो पटेल-अमीनांना देशाबाहेर काढलं त्याचंही नाव तेच, ह्याला काय म्हणायचं.) म्हणजे प्रत्येक पटेल पाटीदार नाही आणि प्रत्येक पाटीदार पटेल लावत नाही.

आता जगभर कसे गेले. खूप जण ठोकून देतात की इंग्रजांनी रेल्वे बांधायला मजूर म्हणून नेले. अर्धवट आहे हे. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली, सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले हे खरं, पण ते बहुतेक पंजाबचे आणि त्यातले बरेचसे करार संपल्यावर परत आले. पटेल गेले ते रूळ पडल्यानंतर, स्वतःचं तिकीट काढून. स्टेशन मास्तर, कारकून, आणि रेल्वेच्या कडेकडेने दुकानं. स्वाहिलीत दुकानाला "दुका"च म्हणतात, आपलाच शब्द गेलाय तिकडे.

आणि का गेले? चरोतर तर सोन्यासारखी जमीन, तंबाखू पिकवणारी. पण संवत १९५६ चा म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ, गुजरातेत अजून "छप्पनियो" म्हणतात, त्याने खेडा जिल्ह्याचं कंबरडं मोडलं, मागोमाग प्लेग. जमिनीच्या वाटण्या होऊन होऊन तुकडे. आणि तिसरं कारण लोक सांगत नाहीत पण माझ्याकडच्या कागदांत सारखं दिसतं ते म्हणजे लग्नं. चरोतरात गावांचे गोळ असतात, गोळ म्हणजे आपसात सोयरीक करणाऱ्या गावांचं वर्तुळ. सगळ्यात वरचा "छ गाम", म्हणजे करमसद, नडियाद, वसो, धर्मज, भादरण, सोजित्रा. ह्या गावात मुलगी द्यायची तर हुंडा जबरदस्त. खालच्या गोळातल्या बापाला पैसा हवा, वरच्या गोळातल्या मुलाला खोटा रुबाब टिकवायला पैसा हवा, जमीन काही तेवढं देईना. इंग्रजी चार यत्ता झालेला मुलगा आफ्रिकेत कारकून लागला की रोख पगार. तो पुढे मेव्हण्याला बोलावणार, मेव्हणा चुलतभावाला. एका गावातली माणसं एकाच शहरात का सापडतात त्याचं उत्तर हे.

प्रत्येक प्रदेशाची वाट वेगळी हेही लक्षात ठेवा. कच्छमधल्या भुजजवळची माधापर, बळदिया, केरा ही लेवा पटेलांची गावं, तिथले लोक केनियात बांधकामात शिरले आणि पुढे लंडनच्या हॅरो भागात आले. कच्छचेच कडवा पटेल मात्र आफ्रिकेपेक्षा देशातच पसरले, लाकडाच्या धंद्यात. तुमच्या भुसावळ-जळगावातली लाकडाची वखार, सॉ मिल किंवा प्लायवूडचं दुकान कुणाचं आहे बघा, बऱ्याचदा कच्छी पटेल निघेल. नवसारी-सुरतकडचे दक्षिण आफ्रिका, फिजी, न्यूझीलंडकडे गेले. फिजीतल्या ऊस शेतकऱ्यांचे मोठे पुढारी ए. डी. पटेल मात्र खेडा जिल्ह्यातले, वकील होऊन गेले होते.

मग आफ्रिकेतून दुसऱ्यांदा उठावं लागलं. केनिया १९६३ ला स्वतंत्र झाला, १९६७ मध्ये तिथे नागरिक नसलेल्यांच्या धंद्यावर लायसनची बंधनं आली, लोक इंग्लंडकडे धावायला लागले तर १९६८ मध्ये ब्रिटननेच कायदा करून दार अर्धं लावून घेतलं. आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने ९० दिवसांची मुदत दिली. सुमारे २८ हजार लोक युगांडातून ब्रिटनमध्ये आले. लेस्टर शहराच्या कौन्सिलने तर युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, जागा नाही, आणि आज त्याच लेस्टरमध्ये दिवाळीला काय गर्दी असते! कोपऱ्यावरची पेपर-सिगारेटची दुकानं, पोस्ट ऑफिस, औषधांची दुकानं हे सगळं त्यानंतर. कारण सोपं, अख्खं कुटुंब राबतं, नोकराचा पगार वाचतो, वर राहायचं खाली दुकान.

अमेरिकेत हेच गणित मोटेलमध्ये बसलं. पहिला मान सहसा कानजीभाई मंछू देसाईंना देतात, सुरतकडचे. १९४२ मध्ये सॅक्रामेंटोत एक छोटं हॉटेल त्यांनी चालवायला घेतलं, मूळचा मालक जपानी वंशाचा होता आणि युद्धात अशा लोकांना छावणीत टाकत होते. ते मग नवीन येणाऱ्या गुजरात्याला सांगायचे की हॉटेल धर. पण खरी लाट १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आणि सत्तरच्या दशकातल्या तेल टंचाईने रस्त्यावरची मोटेलं स्वस्त झाली तेव्हा. नातेवाईकांकडून हातउसने, बिनव्याजी, कागद नाही काही नाही, राहायला खोली आतच, बायको चादरी बदलते, नवरा काउंटरवर, मुलं शाळेतून आली की रजिस्टर लिहितात. आज अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं भारतीय वंशाच्या मालकांकडे आहेत असं त्यांची संघटना सांगते आणि त्यात गुजराती सगळ्यात जास्त. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत पटेल आडनावाची साधारण १ लाख ४५ हजार माणसं होती, क्रमांक १७२. २०१० मध्ये साधारण २ लाख ३० हजार आणि क्रमांक थेट ९५. दहा वर्षांत! तुमच्या मुलाचा शेजारी त्यातलाच.

क्रिकेट बघणाऱ्यांसाठी एकच सांगतो, दीपक पटेल आठवतो का, १९९२ च्या वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडने स्पिनरला नवा बॉल दिला होता तो? जन्म नैरोबी, काउंटी क्रिकेट इंग्लंडमध्ये, देश न्यूझीलंड. आणि २०२१ ला वानखेडेवर दहाच्या दहा विकेट काढणारा एजाज पटेल, जन्म मुंबई, लहानपणी न्यूझीलंडला गेला. दोघे एकाच देशाकडून खेळले, दोघे पटेल, दोघांचे धर्मसुद्धा वेगळे.

आता माझी फजिती ऐका म्हणजे "गाव लागतं" असं मी का म्हणतो ते कळेल. इंग्लंडमधल्या एका कुटुंबाने आजोबांचा माग काढायला सांगितला, नाव सी. एम. पटेल, नैरोबीत कारकून. मी केनिया सरकारच्या जुन्या गॅझेटच्या जाहिरातीतून, मृत्युपत्राच्या नोटिशीतून बरोब्बर सी. एम. पटेल काढला, तीन महिने घालवून वंशावळ लावून पाठवली. नंतर कळलं की त्यांचे आजोबा चतुरभाई मगनभाई होते, मी लावली ती चिमणभाई मोतीभाईंची, दुसऱ्याच गावचे. पैसे परत केले, काय करणार. पण ह्यात मी एकटा नाही, खुद्द सरदारांच्या घरात असं झालंय. वल्लभभाईंनी विलायतेला जायची तयारी केली, कागद आले ते "व्ही. जे. पटेल" नावाने, आणि ते पडले थोरल्या भावाच्या, विठ्ठलभाईंच्या हातात. दोघेही व्ही., बापाचं नाव झवेरभाई म्हणून दोघेही जे. विठ्ठलभाई म्हणाले मी मोठा, आधी मी जातो, आणि गेले १९०५ ला. वल्लभभाईंना त्यानंतर पाच वर्षांनी जाता आलं. सख्ख्या भावांचे कागद अदलाबदल होतात तिथे आपण शंभर वर्षांनी काय डोंबल ओळखणार फक्त आद्याक्षरांवरून.

म्हणून मी आता काम घेताना आडनाव विचारतच नाही म्हटलं तरी चालेल. पूर्ण नाव बापाच्या नावासकट, मूळ गाव, लेउवा की कडवा, गोळ कोणता, कुळदेवी कोणती. एवढं असलं की गुजरातेत वहीवंचा बारोट असतात, पिढ्यान्‌पिढ्या एका कुळाच्या वह्या सांभाळणारे, आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात तसेच, त्यांच्याकडे जाता येतं. तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यांच्या वह्या असतात, गुजराती लोक आईच्या श्राद्धाला सिद्धपूरला जातात, तिथे नोंदी मिळतात. परदेशात त्या त्या गावांच्या मंडळांच्या डिरेक्टऱ्या निघतात, त्या तर सोन्याच्या खाणी. डीएनए टेस्टबद्दल बरेच जण विचारतात. करा हवी तर, पण चरोतरात गोळातल्या गोळात लग्नं होऊन होऊन सगळेच एकमेकांचे थोडेथोडे नातलग निघतात, त्यातून नेमका पणजोबा सापडत नाही.

आता तुमचं, लेवा पाटलांचं. इथे परिस्थिती बघून बोलावं लागेल. तुमच्या समाजात पूर्वज पावागडाकडून, गुजरातेतून आले अशी परंपरा आहे, नाव "लेवा" आणि तिकडचं "लेउवा" हे साम्य उघड आहे, तुमच्या लेवा गणबोलीचा सूर घाटावरच्या मराठीहून निराळा आहे हे बहिणाबाई चौधरींना वाचणाऱ्या कुणालाही कळतं. हे मी थट्टेवारी नेणार नाही. पण परंपरा समाजाची असते, ती अख्ख्या समाजाबद्दल बोलते, तुमच्या घराबद्दल नाही. आणि तुमच्या घराचं "पाटील" हे खानदेशातल्या एखाद्या गावच्या पाटीलकीवरून आलेलं असणार, ती इथली पोस्ट, त्याचा चरोतरच्या पटेलकीशी संबंध नाही. तुमच्याच समाजात कोल्हे, नेमाडे, भंगाळे, बऱ्हाटे, चौधरी आहेतच की, ते पटेलांपासून लांब आणि तुम्ही जवळ असं थोडंच आहे. म्हणजे शेजारी म्हणतो ते समाज म्हणून कदाचित बरोबर, पण ज्या कारणाने म्हणतो, पाटील-पटेल सारखं ऐकू येतं म्हणून, ते कारण चूक.

तुम्ही काय करा, तुमचं मूळ गाव आणि त्या गावची पाटीलकी कुणाकडे होती ते आधी काढा, महसुली पाटलाचा हुद्दा आपल्याकडे १९६२ च्या कायद्याने गेला, त्याआधीचे वतनाचे कागद जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळायची शक्यता चांगली. घरात ताम्हण-पितळी डब्यात, देवघराच्या मागे काही गुंडाळलेलं असेल तर तेही बघा. आणि मुलाला सांगा शेजाऱ्याला एवढंच विचार, "तमारुं गाम कयुं?" गुजराती माणूस ह्या प्रश्नाने खूश होतो आणि पुढचा अर्धा तास तोच बोलतो. उत्तर भादरण, सोजित्रा, धर्मज असं काही आलं आणि त्याच्याकडे घरचे जुने कागद असतील तर फोटो मला पाठवायला सांगा, फक्त फ्लॅश न मारता, दिवसाच्या उजेडात आणि कागदाच्या चारही कडा दिसतील असा. तळाचा शिक्का कापलेले फोटो येतात नेहमी, आणि तारीख बहुतेक तिथेच असते.